दिवाळीला सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातले कपडे: टंचाई की फॅशन? (तेजी-मंदी आणि आपली स्टाईल)

खिडकीतली_चिमणी

परवा माळा आवरताना आईचा जुना अल्बम सापडला. काळ्या जाड पानांचा, मध्ये तो पातळ कागद, कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण वगैरे. त्यात एक स्टुडिओतला फोटो आहे, मागे रंगवलेली कमान नि जिना, आणि पुढे आई, तिची तीन भावंडं आणि दोन चुलत, आणि सहाही जणांच्या अंगावर एकच प्रिंट!! मुलींचे फ्रॉक त्याचे, मामांचे बुशशर्ट त्याचे, मोठ्या मावशीचं पोलकंही त्याचंच, आणि आई म्हणते उरलेल्या कापडाचा स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा झाला होता. आजोबा परळला कापडगिरणीत होते, दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, त्यामुळे मी मनात लगेच जोडलं की बिचारे, परवडत नव्हतं म्हणून एकच तागा आणून सगळ्यांना फाडून दिला असेल.

आता गंमत बघा. गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या हळदीला आम्ही चौदा जणींनी ठरवून एकाच कापडातले ड्रेस शिवले, माणशी किती गेले ते सांगत नाही, आई ही पोस्ट वाचते. त्याला आता ट्विनिंग म्हणतात आणि फोटोंवर दोन दिवस लाईक पडत होते. म्हणजे आजीने नाइलाजाने केलं तेच आम्ही हौसेने केलं, वर पैसे जास्त देऊन.

त्यातच एक रील दिसलं की म्हणे देशात तेजी आली की बायकांचे स्कर्ट आखूड होतात, मंदी आली की लांब. हे खरंय का? आणि खरं असलं तरी आपल्याकडे कुठे स्कर्ट होते, आपल्या आज्या नऊवारीत नाहीतर पाचवारीत, ती काय शेअर बाजार बघून वर-खाली करायच्या का? तर प्रश्न असा की आपल्या घरात, कपड्यांत, खाण्यात, सिनेमात, लग्नात तेजी-मंदी दिसते का, आणि तुम्हाला कुठे दिसली? अर्थशास्त्राची पुस्तकं नकोत प्लीज, घरातलं सांगा.

आकडेमोड

पुस्तकं नकोत म्हणालात पण त्या रीलबद्दल थोडं सांगायलाच लागेल, कारण हे दर दोन वर्षांनी कुणीतरी नव्याने शोधून काढतं.

ती स्कर्टवाली गोष्ट जॉर्ज टेलर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाच्या नावावर वर्षानुवर्षं खपतेय. त्याचा मूळ अभ्यास मोज्यांच्या धंद्याचा होता, स्कर्टचा नाही. लॉजिक असं सांगतात की पैसा असला की बाई रेशमी मोजे घेणार आणि ते दिसावेत म्हणून स्कर्ट वर जाणार, पैसा संपला की मोजे नाहीत म्हणून स्कर्ट खाली. १९२० च्या दशकात स्कर्ट गुडघ्यापर्यंत आले आणि १९२९ ला बाजार कोसळल्यावर परत खाली गेले हे खरं आहे, म्हणून लोकांना पटतं.

पण पुढचं बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका-इंग्लंडमध्ये स्कर्ट आखूड झाले ते तेजीमुळे नाही, सरकारने कापडावर बंधनं घातली म्हणून. इंग्लंडात कपड्यांना कूपनं होती, घड्या किती, खिसे किती, बटणं किती यावर नियम होते. आणि युद्ध संपून जरा श्वास घेता यायला लागला तेव्हा १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये डिऑर या फॅशन डिझायनरने काय आणलं तर पोटरीपर्यंत लांब, मीटरच्या मीटर कापड खाणारा घेरदार स्कर्ट. लोकांनी शिव्याही घातल्या, की इथे कूपनं चालू आहेत आणि हा कापड उधळतोय. म्हणजे त्या काळात श्रीमंती लांब स्कर्टात होती. सूत्र उलटं झालं ना!

२०१० मध्ये दोन डच संशोधकांनी जुन्या फॅशन मासिकांतून जवळपास नव्वद वर्षांची स्कर्टची लांबी काढून अर्थव्यवस्थेशी ताडून पाहिली. त्यांना संबंध सापडला, पण साधारण तीन वर्षं उशिराने. आधी अर्थव्यवस्था हलते, मग निवांत स्कर्ट. त्यामुळे स्कर्ट बघून शेअर घेऊ नका, तोवर बस निघून गेलेली असते.

लिपस्टिकचंही तसंच आहे, २००१ मध्ये एका मोठ्या कॉस्मेटिक कंपनीचे अध्यक्ष लिओनार्ड लॉडर म्हणाले की मंदीत लिपस्टिक जास्त खपते, कारण पर्स परवडत नाही पण छोटी चैन परवडते. २०२० ला तोंडावर मास्क आले आणि लिपस्टिक बिचारी ड्रॉवरमध्ये पडली, तेव्हा लोकांनी सगळी हौस काजळावर भागवली.

माझं मत, कापडाची किंमत आणि सरकारचे नियम हे स्टाईलवर थेट काम करतात. "मूड" वगैरे नंतर चिकटवलेलं असतं.

तिसरी_पाळी

चिमणीताई, आजोबा कुठल्या खात्यात होते? साचेखातं (म्हणजे विणकाम) की स्पिनिंग? माझे वडील साचेखात्यात, आधी पाच वर्षं बदली (कुणी गैरहजर असेल त्या दिवशी काम), मग परमनंट. तुमचा तो फोटो मी न बघता सांगू शकतो, कारण आमच्या घरीपण सेम फोटो आहे, फक्त आमच्या मागे कमानीऐवजी बोट आहे.

एकाच ताग्याचं कारण फक्त गरिबी नव्हती हो. गिरणीच्या दुकानात कामगारांना कापड सवलतीत मिळायचं, आणि दिवाळीला बोनस झाला की वडील थेट तिथे. वेगवेगळे तुकडे घ्यायचे तर प्रत्येकात थोडं वाया जातं, एक तागा घेतला की शिंपी सगळ्यांचं बसवून कापतो, पडदा उरतो. चाळीत तर दिवाळीला कोण कुठल्या गिरणीतला हे पोरांच्या कपड्यावरून कळायचं, एका मजल्यावर निळी फुलं, दुसऱ्या मजल्यावर चौकडा. आम्हाला लाज वगैरे कधी वाटली नाही, उलट आपल्या बाबांनी विणलंय असं सांगायचो (विणलेलं कुणीही असो).

आता तेजी-मंदीचं. आमच्यासाठी मंदी म्हणजे एकच तारीख, १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. त्या एका वर्षात आमच्या गल्लीतलं काय काय बदललं ते सांगतो, तुम्हीच ठरवा ही संस्कृती आहे की काय आहे.

पहिलं म्हणजे गिरणीचा भोंगा. घड्याळ कुणाकडे नव्हतं, भोंग्यावर भात लागायचा. तो गप्प झाला. दुसरं, खानावळी. गाळ्यात एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस बाप्ये राहायचे, बायकापोरं गावी, जेवायला खानावळ. ती माणसं गावी निघून गेली की खानावळवाल्या मावश्यांचं काय? काही जणींनी शाळेचे डबे धरले, काहींनी फॉल-बिडिंग, शिलाई. तिसरं, भजनी मंडळं, लेझीम, कामगारांची नाटकं, शाहिरी, कबड्डीच्या टीमा. मोठमोठ्या गिरण्यांच्या टीम होत्या, चांगला चढाईवाला असला की खेळावर नोकरी लागायची. नोकरीच गेली तर पोरगा मैदानात कशाला येईल? आमच्या व्यायामशाळेत ८५ नंतर पोरं यायची ती कॅरम खेळायला. आणि कोकणाला तर मनीऑर्डरवर चालणारं कोकण म्हणायचे, इकडे पगार थांबला तर तिकडे शिमग्याचा खर्च, देवळाची वर्गणी, दशावताराचा नारळ सगळ्यालाच कात्री लागली.

आणि मजा म्हणजे तेच वर्ष बाकीच्यांसाठी तेजीचं! ८२ सालीच रंगीत टीव्ही आला, नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड झालं, लोकांच्या घरात टीव्ही यायला लागले. आम्ही खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांच्या दारात उभं राहून एशियाड बघितलं. घरात तूरडाळ नव्हती आणि हत्तीचं पिल्लू अप्पू मात्र रंगीत दिसत होतं. म्हणून मला ते "त्या दशकाची स्टाईल" वगैरे कुणी बोललं की हसू येतं. कुणाच्या दशकाची? एकाच जिन्यावर दोन दशकं राहायची.

आता त्या गिरणीच्या जागेतच मॉल आहे. मुलगी तिथे जाते, मीपण गेलोय दोनदा. एसी चांगला आहे.

पितळी_डबा

"एकाच जिन्यावर दोन दशकं", काका, दंडवत!

माझी भर भांड्यांची. आमच्या आजीच्या लग्नात सगळी भांडी पितळेची आणि तांब्याची, कल्हईवाला दारात भट्टी लावून बसायचा, तो नवसागराचा वास मला अजून आठवतो. मग सत्तरच्या दशकात स्टील आलं आणि आजीला ते म्हणजे अगदी मॉडर्न वाटायचं, चिंच लावून घासायला नको, कल्हई नको. तिने काय केलं तर मोठी घागर, परात, दोन बंब असं सगळं मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे आणले. आणि जुने कपडे बोहारणीला. ती बोहारीण हे आपल्याकडचं खरं शेअर मार्केट होतं बरं का, दोन साड्या, एक पँट आणि जरीच्या काठाचं काहीतरी दिलं तर एक पातेलं, मग घासाघीस, मग वर एक वाटी. कपडे महाग असले की भांडं मोठं मिळायचं, नंतर पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त झाल्या आणि बोहारीण नाक मुरडायला लागली. "टेरिकॉट नको ताई, सुती द्या", हे वाक्य आमच्या गल्लीत रोज ऐकू यायचं.

टेरिकॉटचंही सांगायला हवं. लोक आता हसतात, घाम शोषत नाही म्हणतात, पण ज्या घरात वर्षाला दोनच शर्ट आहेत तिथे इस्त्री न लागणारा, पाच वर्षं न फाटणारा शर्ट ही केवढी मोठी गोष्ट होती! बाबांचा एक टेरिकॉटचा शर्ट त्यांच्यानंतर काकांनी घातला आणि मग फरशी पुसायला घेतला तर पाणीच टिपेना. अमर आहे तो.

आणि आता मी काय करते? तीच पितळेची परात ऑनलाइन मागवली, आजीने मोडीत घातली तशीच, आणि वर "हॅण्डक्राफ्टेड" म्हणून तिप्पट पैसे. कल्हईवाला शोधायला एक महिना लागला. गोधडीचंही तेच, फाटक्या लुगड्यांची शिवायची ती गरज होती, आता नव्या कोऱ्या कापडाची गोधडी शिवून विकतात. खणाचंही. खण म्हणजे चोळीचा एवढासा तुकडा, ओटीत यायचा, आता अख्खी साडी खणाची, आणि मलाही आवडते हो, दोन आहेत माझ्याकडे.

दुष्काळी_माणूस

धागा छान आहे पण सगळं मुंबई-पुणे चाललंय म्हणून जरा कडू बोलतो.

आमच्याकडे मराठवाड्यात तेजी-मंदी असा शब्द नव्हता, पाऊस झाला का नाही झाला एवढंच. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर, खडी फोडायला, पाझर तलावाच्या भरावाला. पोरांना खायला सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो म्हणायचे, तिची भाकरी थापता यायची नाही, तुटायची, आणि रंग बघून आजी म्हणायची ही जनावराची आहे. त्या साली फॅशन काय होती विचाराल तर अंगावर जे होतं ते. आईनं दोन फाटक्या लुगड्यांचे धडके भाग जोडून एक केलं, दंड घालणं म्हणतात त्याला, ती काय स्टाईल नव्हती.

पण एक गोष्ट मान्य करतो, खाणं बदललं ते तेव्हापासून. त्याच्याआधी आमच्याकडे गव्हाची पोळी सणाला, रोज भाकरी. ७२ नंतर रेशनचा गहू सुरू झाला आणि हळूहळू पोळी म्हणजे बरं चाललंय आणि भाकरी म्हणजे गरिबी असं डोक्यात बसलं. मी शिकायला औरंगाबादला आलो तर डब्यात भाकरी आहे म्हणून लपवून खायचो, हे खोटं नाही. आता? २०२३ ला भरडधान्य वर्ष झालं, माझा मुलगा पुण्यात ज्वारीचं पीठ गव्हापेक्षा महाग घेतो, आणि हायवेला "चुलीवरची भाकरी" अशी पाटी लावलेल्या हॉटेलात चारशे रुपयाची थाळी खाऊन फोटो पाठवतो. तुमच्या आजीची चूल जाऊन गॅस आला तेव्हा ती रडली होती का? माझी आई तर नाचायची बाकी होती. डोळे गेले तिचे धुराने.

त्यामुळे चिमणीताई, तुमचं "नाइलाजाने केलं तेच हौसेने केलं" हे बरोबर आहे, पण एक लक्षात घ्या, हौस करणारे वेगळे आणि नाइलाज झालेले वेगळे. आमच्या गावात अजून कुणी चुलीचा फोटो काढत नाही. ज्यांच्या घरी चूल कधी विझलीच नाही त्यांना त्यात काय बघायचं.

खिडकीतली_चिमणी

काका, पटलं. "दंड घालणं" हा शब्द आजीकडून ऐकला होता, अर्थ आज कळला.

तिसरी_पाळी काका, साचेखातंच! आईला विचारून आणखी सांगते.

शिबुयाचा_मराठी

इथे जपानात राहून बारा वर्षं झाली त्यामुळे माझं उदाहरण इकडचं, आणि इथे ते फारच स्वच्छ दिसतं म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथे पैशाचा महापूर होता, त्याला बबल म्हणतात. माझे बॉस त्या काळात नवीन नोकरीला लागले होते, ते सांगतात की रात्री टॅक्सी मिळावी म्हणून लोक रस्त्यात दहा हजार येनची नोट हलवत उभे राहायचे. शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर गेला आणि नंतर वर्षभरात जवळजवळ अर्धा झाला.

आता गंमत ऐका. इथे कुणालाही बबलची आठवण सांगा म्हटलं की ते एका डिस्कोचं नाव घेतात, जुलियानाज टोकियो. घट्ट अंगाला चिकटलेले ड्रेस, हातात पिसांचे पंखे, उंच चौथऱ्यावर चढून नाचणाऱ्या मुली, टीव्हीवर बबल म्हटलं की हीच क्लिप. पण तो डिस्को उघडला मे १९९१ ला! म्हणजे बाजार कोसळून वर्ष उलटून गेलं होतं. पैसे गेले होते पण नाच चालूच. १९९४ ला बंद पडला. आकडेमोड म्हणतात ते तीन वर्षं उशिराचं प्रकरण इथे डोळ्याने दिसतं. पगार, बोनस, सवयी हे शेअर बाजाराच्या वेगाने पडत नाहीत, आणि पडले तरी माणूस काही दिवस मान्य करत नाही.

मग खरी मंदी अंगात मुरली तेव्हा काय आलं तर १९९८ ला युनिक्लो नावाच्या दुकानाने १,९०० येनचं फ्लीसचं जॅकेट काढलं. साधं, एकरंगी, पुढे पन्नासेक रंगांत. २००० साली अडीच कोटींच्या वर विकली. सगळा देश एकच जाकीट घालून फिरत होता, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटेना, उलट दहा वर्षांपूर्वी मोठ्या ब्रँडची पर्स नसेल तर लाज वाटायची आणि आता स्वस्त आणि नीट असलेलं घेणं म्हणजे शहाणपण. (ताई, तुमचा तागाच हा, फक्त देशभर.)

अजून एक. मुजी म्हणून दुकान आहे, आता सगळीकडे शांत, महागडं, लाकडी वाटतं ते. ते १९८० मध्ये एका सुपरमार्केटचा स्वस्त माल म्हणून सुरू झालं. तुटलेले वाळवलेले शिताके मशरूम विकायचे, कारण आमटीत घालायचे तर अख्खे कशाला हवेत, तुटके स्वस्त. पाकिटावर छपाई कमी, कागद ब्लीच न केलेला, पैसे वाचवायला. आज त्याच बिनरंगी कागदाला लोक "झेन" म्हणतात! आणि हे मुजी २०१६ ला भारतात आलं तेव्हा पहिलं दुकान कुठे उघडलं माहितीये का? लोअर परळ, फिनिक्स मिलच्या आवारातल्या मॉलमध्ये.

तिसरी_पाळी

फिनिक्सच्या आवारात? मग मी बघितलंय ते. तिथे एक सुती शर्ट होता, रंग न दिलेलं कापड असतं ना कोरं, तसा. किंमत बघून हळूच परत ठेवला. आमच्याकडे तसलं कोरं कापड म्हणजे अजून प्रोसेसला जायचंय असं असायचं.

सोनेरी_मुलामा

सगळे खाण्या-कपड्यांवर आहेत म्हणून मी दागिन्यावर.

आकडेमोड बरोबर म्हणाले की नियम थेट काम करतात. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, चीन युद्धानंतर परकीय चलनाची बोंब होती म्हणून, आणि १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी. आमच्या पणजोबांची पेढी होती, लहान गावातली. ते म्हणायचे १४ कॅरटचा दागिना दाखवला की बायका तो परत पेटीत ठेवायच्या, "हे काय सोनं आहे?" म्हणून. कॅरटची अट तीनेक वर्षांत गेली पण सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं, आणि तोवर कितीतरी सोनार दुसऱ्या धंद्याला लागले होते. आमच्याच घरात आजोबांनी पेढी बंद करून घड्याळं दुरुस्त करायला घेतली. हात तोच, चिमटा तोच.

आणि १९९१ ला देशानेच सोनं गहाण टाकलं. ४७ टन, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. तेव्हा आमच्या आजोबांची प्रतिक्रिया अशी होती की गहाण टाकलंय ना, मोडलं नाही ना, मग सोडवतील. सोनाराच्या घरातला माणूस, त्याला गहाणाची काय भीती.

इमारतींचंही त्या डिस्कोसारखंच आहे बरं का. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा १८६१ ते ६५ मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरचं वेड लागलं. प्रेमचंद रायचंदांनी त्या भरात विद्यापीठाला पैसे दिले, आईच्या नावाचा टॉवर बांधायला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंदांसकट कितीतरी जण बुडाले. राजाबाई टॉवर पूर्ण झाला १८७८ ला. आपण तो बघून म्हणतो काय वैभवाचा काळ होता, आणि प्रत्यक्षात वरचा दगड बसला तेव्हा वैभव जाऊन तेरा वर्षं झाली होती.

बेंचवरचा

पुणे आयटी, २००८-०९. फक्त एवढंच, की सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली तेव्हा मी हिंजवडीत बेंचवर (म्हणजे नोकरी आहे पण प्रोजेक्ट नाही) होतो आणि घरी माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. आधी स्थळं दारात रांग लावून, "मुलगा आयटीत" म्हटलं की चहा-पोहे फिक्स. जानेवारीपासून फोनच येईनात. एका काकूंनी तोंडावर विचारलं, "कंपनीत राहणार ना नक्की?" त्याच वर्षी माझ्या बँकेत क्लार्क असलेल्या मित्राचा भाव असा वधारला की काय सांगू, तो आयुष्यात पहिल्यांदा मुलींना नाही म्हणाला.

ऑफिसातही दिसायचं. आधी शुक्रवारी टीशर्ट चालायचा. मंदी आली तशी सगळी इस्त्रीचे फॉर्मल शर्ट घालून नऊच्या ठोक्याला हजर, कुणी सांगितलं नव्हतं, नुसती भीती. कॅन्टीनमधली फळं गेली, मग संध्याकाळचा नाश्ता गेला. २०११ ला सगळं परत आलं, तेव्हा मात्र शॉर्ट्स.

लग्न झालं माझं, २०१० ला. साध्या हॉलमध्ये, दीडशे माणसं. बायको अजून म्हणते, दोन वर्षं थांबलो असतो तर ड्रोन मिळाला असता.

पितळी_डबा

ड्रोन 😂😂

खिडकीतली_चिमणी

सगळ्यांचे आभार, खरंच, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आता आईचं ऐका, मला वाटलं होतं ते सगळं उलटं निघालं.

फोटो १९६९ च्या दिवाळीचा. आईला तारीख पक्की आठवते कारण त्या वर्षी आजोबा बदलीवरून परमनंट झाले आणि पहिल्यांदाच पूर्ण बोनस मिळाला. तो तागा स्वस्तातला नव्हता म्हणे, आजीने दुकानात बोट ठेवून घेतला होता, पिवळ्यावर लाल फुलं (फोटो ब्लॅक अँड व्हाइट, मी राखाडीच समजत होते). कापड घेतलं, शिलाई दिली आणि तरी पैसे उरले म्हणून सगळ्यांना घेऊन स्टुडिओत गेले. मी विचारलं मग त्याच्या आदल्या दिवाळीचा फोटो कुठाय, तेव्हा काय घातलं होतं? आई म्हणाली, "आदल्या दिवाळीला बाबांना महिन्यातून दहा-बारा दिवस काम मिळायचं. कपडे जुनेच होते. फोटो कशाला काढतोय आम्ही."

मग मी अख्खा अल्बम परत पाहिला. ६९, मग ७१ ला मामाची मुंज, मग एकदम ७६. मधली ७२ ते ७५ पानंच नाहीत. ती महागाईची वर्षं, बायका लाटणी घेऊन मोर्चे काढायच्या तेव्हाची, आजीपण गेली होती म्हणे एकदा, लाटणं घेऊन, आणि येताना रॉकेलच्या रांगेत उभी राहून आली. त्याचा काही फोटो नाही. तिसरी_पाळी काका, तुमच्याकडे ८२-८३ चा एखादा आहे का?

तिसरी_पाळी

बघितलं आत्ता. नाही. ८१ च्या गणपतीचा आहे, नंतर डायरेक्ट ८६, बहिणीचं लग्न.

तुमचा पिवळा-लाल वाला टाका की इथे. ते प्रिंट मला ओळखू येईल बहुतेक.